बारा जानेवारी सोडून सिंदखेडराजा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा चहा घेऊन बसा आणि मग वाचा.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. पत्रकारितेचा डिप्लोमा करून चिखलीत परत आलो त्याला आता वीस वर्षं होतील. यातली बहुतेक सगळी वर्षं मी 12 जानेवारीला सिंदखेडराजाला गेलोय. गर्दी, मंचावर कोण आलं, कोण काय बोललं, कोणतं आश्वासन दिलं, वाहतूक किती वेळ खोळंबली, हे सगळं टिपायचं, दोन-चार फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या आत बातमी पाठवायची. खरं सांगायचं तर मागच्या वर्षीची बातमी उघडून नावं बदलली तरी चाललं असतं, एवढी ती ठरलेली. या सगळ्या वर्षांत मी ते गाव एकदाही पायी पाहिलं नव्हतं. राजवाडा पाहिला होता, बाकी गावाकडे पाठ.

हे लक्षात आलं ते मुलीमुळे. ती नववीत आहे. शाळेत प्रकल्प दिला होता, ‘आपल्या जिल्ह्यातील ऐतिहासिक गाव’. तिनं विचारलं, “बाबा, राजवाडा सोडून सिंदखेडराजात काय आहे?” मी दोन-तीन नावं सांगितली आणि अडकलो. मग म्हटलं, चल, जाऊनच बघू. मोटारसायकल घरी ठेवली, डबा घेतला आणि सकाळची एसटी पकडली. चिखलीहून देऊळगावराजा, तिथून बदलून सिंदखेडराजा. साठेक किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूला तूर शेंगांवर आलेली, कपाशीची वेचणी सुरू, आणि हवेत डिसेंबरची थंडी.

राजवाडा मुख्य रस्त्यालाच आहे, त्यामुळे तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. भव्य दरवाजा, आत चौथरे, भिंती, आणि खालच्या मजल्यावरची ती जागा, म्हाळसामहाल. पौष पौर्णिमा, शके 1519, म्हणजे 12 जानेवारी 1598 रोजी लखुजीराव जाधव आणि म्हाळसाबाई यांची मुलगी जिजाबाई इथे जन्मली. साधा वारी गेलो होतो, आत आम्ही दोघंच. पंधरा वर्षांत मी त्या जागी शांतता अशी पहिल्यांदा ऐकली. पारव्यांचा आवाज तेवढा येत होता. गर्दीत आपण तिथे नमस्कार करतो आणि मागच्याच्या धक्क्यानं पुढे सरकतो. त्या दिवशी मुलगी दगडाला हात लावून बराच वेळ उभी राहिली. मी तिला घाई केली नाही.

तिथून पुढे आम्ही गाव चालायला लागलो. आणि मंडळी, मला जे उमगलं ते असं: सिंदखेडराजा म्हणजे एक वाडा नाही. ती एक पूर्ण राजधानी आहे, जहागिरीची का होईना. पाणी कुठून आणायचं, धान्य-खजिना कुठे ठेवायचा, देवाला कुठे जायचं, शत्रू आला तर कुठल्या भिंतीआड उभं राहायचं आणि मेल्यावर कुठे निजायचं, या सगळ्याची उत्तरं त्या गावात दगडात बांधून ठेवली आहेत. फक्त ती ओळीनं वाचायला पायी चालावं लागतं.

रंगमहालापासून सुरुवात करा. बखरींमधून आलेली गोष्ट आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. रंगपंचमीचा सण, मालोजीराजे भोसले लहानग्या शहाजीला घेऊन आलेले, मुलं एकमेकांवर रंग उडवतायत आणि लखुजीराव कौतुकानं म्हणून जातात की जोडा शोभतो. मालोजी तो शब्द धरून ठेवतात. गावातली परंपरा म्हणते, हे इथेच घडलं. इतिहासकार या गोष्टीकडे सावधपणे बघतात आणि त्यांचं बरोबर आहे. पण गोष्टीच्या मागची परिस्थिती खरी आहे. जाधव हे निजामशाहीतलं जुनं, मातब्बर घराणं, देवगिरीच्या यादवांशी नातं सांगणारं. भोसले त्या मानानं नव्यानं वर येणारे. दोघं एकाच दरबारातले सरदार. ही सोयरीक जुळली म्हणून पुढचं सगळं घडलं.

नीलकंठेश्वराचं मंदिर जाधवांच्याही आधीचं. समोर पायऱ्यापायऱ्यांची बारव. रामेश्वराचं मंदिरही तसंच जुनं. म्हणजे लखुजीराव इथे आले तेव्हा हे काही ओसाड माळरान नव्हतं, गाव आधीच नांदतं होतं. त्यांनी त्याला राजधानी केलं. पुढे पुतळा बारव लागते. नाव का पडलं ते जवळ गेल्यावर कळतं, भिंतींवर शिल्पंच शिल्पं. मुलीनं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. एक आजोबा काठी टेकवत आले. आम्हाला बघून त्यांना नवल वाटलं.

“कुठून आले?”

“चिखलीहून, काका.”

“कार्यक्रम तर पुढच्या महिन्यात आहे ना. आज काहून आले?”

“गाव बघायला आलो.”

ते हसले. “गाव पाहाले कोणी येत नाही, भाऊ. वाडा पाह्यते अन् जाते.” मग स्वतःच पुढे होऊन त्यांनी सजना बारवेची वाट दाखवली. लहानपणी पाणी कुठपर्यंत असायचं ते काठीनं दाखवलं. त्या वयातली माणसं गेली की ही रेघ दाखवणारं कोणी राहणार नाही, हे त्यांच्या काठीकडे बघताना डोक्यात आलं.

पाण्याचं सांगायलाच हवं. गावाबाहेर मोती तलाव आहे. त्याची भिंत बघा एकदा. नुसता बांध नाही ती, एखाद्या किल्ल्याची दर्शनी बाजू वाटावी असं बांधकाम आहे. दुसरा चांदणी तलाव, त्याच्या मधोमध तीन मजली इमारत. आपल्याकडे पाऊस कसा पडतो हे मी बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. दोन वर्षं बरी गेली की तिसऱ्या वर्षी टँकर. चारशे वर्षांपूर्वीही आभाळ हेच होतं. 1630 च्या आसपास दख्खनमध्ये जो भयंकर दुष्काळ पडला, त्याच्या नोंदी तेव्हाच्या बादशाही तवारिखेत आणि परदेशी व्यापाऱ्यांच्या लिखाणात आहेत. अशा मुलखात ज्यानं तलाव बांधले आणि बारवा राखल्या, त्याला राज्य करणं म्हणजे काय हे कळत होतं. आपण या माणसांच्या तलवारींबद्दल तासन् तास बोलतो. त्यांच्या तलावांबद्दल कोणत्याच मंचावरून एक वाक्य मी ऐकलेलं नाही. आणि मी तरी कुठे लिहिलं होतं?

दुपारी डबा खाल्ला तो साखरवाड्याच्या सावलीत. उंच भिंती, नक्षीचा दरवाजा. मग काळाकोट. एवढ्या रुंद भिंती की वर दोन बैलगाड्या सहज जाव्यात. पण काम अर्धवट राहिलेलं. का राहिलं याच्या गावात दोन-तीन कथा आहेत, प्रत्येक सांगणारा आपली खरी म्हणतो. मी त्यात पडत नाही. पण अर्धवट भिंतीसमोर उभं राहिलं की एवढं नक्की समजतं, की ज्यांनी बांधायला घेतलं त्यांना वाटत होतं आपल्याकडे अजून खूप वर्षं आहेत.

ती नव्हती. आता समाधीकडे चला.

लखुजीराव जाधवांची समाधी ही इमारत प्रत्यक्ष बघितल्याशिवाय तिचा आकार लक्षात येत नाही. आपल्या मनात समाधी म्हणजे एक चौथरा आणि त्यावर छत्री. ही दुरून बघितली तर एखादा महालच वाटते. आत लखुजीराव एकटे नाहीत. सोबत मुलं आहेत, नातू आहे.

मुलीला मी तिथे बसून ही हकिकत सांगितली. लखुजीराव निजामशाहीचे मोठे सरदार. निजामशाहीचा कारभार तेव्हा मलिक अंबरच्या हातात. दरबारातले हेवेदावे, मोगलांचा दबाव, या सगळ्यात 1621 च्या सुमारास लखुजीराव मोगलांकडे गेले. 1624 मध्ये भातवडीची लढाई झाली, तेव्हा सासरे मोगलांच्या बाजूनं आणि जावई शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूनं, असे समोरासमोर होते. त्याआधी खंडागळ्यांच्या हत्तीचा प्रसंग. दरबार सुटताना हत्ती बिथरला, त्यातून भांडण पेटलं, आणि जाधवांचे दत्ताजी व भोसल्यांचे संभाजी, दोघंही मारले गेले. शिवभारतात हा प्रसंग येतो. म्हणजे एकाच दिवशी जिजाऊंचा सख्खा भाऊ गेला आणि सासरचा चुलत दीरही गेला. सुतक कोणत्या घरचं धरायचं?

पुढे लखुजीराव पुन्हा निजामशाहीत आले. आणि 25 जुलै 1629 रोजी दौलताबादच्या किल्ल्यात, निजामशहाला मुजरा करायला गेलेले असताना, दगा करून त्यांना मारण्यात आलं. त्यांच्यासोबत मुलगे अचलोजी आणि राघोजी, आणि दत्ताजींचा मुलगा यशवंतराव. एका दिवसात तीन पिढ्या.

मुलगी गप्प होती. मग म्हणाली, “बाबा, तेव्हा शिवाजी महाराज जन्मले होते का?”

मी हिशेब केला. शिवजन्म 19 फेब्रुवारी 1630. जवळपास सात महिन्यांचं अंतर. म्हणजे वडील, दोन भाऊ आणि भाचा एकाच दिवशी कापले गेल्याची बातमी आली, तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या.

“त्यांना कोणी सांगितलं असेल?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी जी पुस्तकं वाचली त्यात कोणी कोणाला मारलं ते आहे, कोणाची जहागीर गेली ते आहे, त्यानंतर शहाजीराजे निजामशाही सोडून काही काळ मोगलांकडे गेले ते आहे. एका गरोदर बाईला माहेर संपल्याची बातमी कशी कळली, हे त्यात कुठे सापडलं नाही. आपण जिजाऊंना ‘स्वराज्यप्रेरिका’ म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण ही प्रेरणा हवेतून आली नव्हती. दुसऱ्याच्या दरबारात कितीही मोठं झालो तरी आपलं डोकं आपलं नसतं, हे त्यांना माहेरानं शिकवलं, आणि त्याची किंमत माहेरानंच मोजली. हे मी बारा जानेवारीच्या भाषणांतून कधी समजू शकलो नाही. त्या समाधीच्या थंड दगडावर बसून पाच मिनिटांत समजलं.

समाधीच्या परिसरातच आणखी एक गोष्ट आहे, ती अगदी अलीकडची. जून 2024 मध्ये केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या नागपूर मंडळाचं पथक इथे जतनाचं काम करत होतं. जमिनीत काही दगड दिसले म्हणून खोदलं, तर जुन्या मंदिराचा पाया लागला. आणखी खाली, साधारण सव्वादोन मीटर खोलीवर, शेषशायी विष्णूची अखंड मूर्ती निघाली. लक्ष्मी पाय चेपतेय, खालच्या पट्टीवर समुद्रमंथन कोरलेलं. लांबी 1.70 मीटर, उंची 1 मीटर. आठवडाभर सगळ्या चॅनेलवर सिंदखेडराजा होतं. मीही तीन बातम्या केल्या. त्यानंतर? तुम्हीच आठवून बघा, शेवटची बातमी कधी वाचली.

आपल्या जिल्ह्याला हा अनुभव नवा नाही. मेहकरला 1888 मध्ये शारंगधर बालाजीची मूर्ती अशीच जमिनीतून निघाली. ती मेहकरातच राहिली, मंदिर झालं, आज बाहेरगावचे लोक मेहकरला येतात ते त्या मूर्तीसाठी. मूर्ती तिथे राहिली म्हणून गावाला तिचा उपयोग झाला. पुरातन वस्तूची सुरक्षा, तापमान, चोरीचा धोका हे सगळं मला कळतं, ते तज्ज्ञांनी ठरवावं. पण सिंदखेडराजाच्या मातीतून निघालेलं सिंदखेडराजात बघता यावं, त्यासाठी गावात नीट संग्रहालय असावं, ही मागणी भावनेची नाही, व्यवहाराची आहे. वस्तू आणि जागा वेगळी केली की दोन्हींचा अर्थ अर्धा होतो.

आता थोडं पुढचं, कारण गावाचा इतिहास 1629 ला थांबत नाही. याच तालुक्यातल्या साखरखेर्ड्याला ऑक्टोबर 1724 मध्ये निजाम-उल्-मुल्कानं मुबारिजखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया घातला. विजय झाला म्हणून त्या गावाचं नाव फतेहखेर्डा ठेवलं होतं. पुढची सव्वादोनशे वर्षं दख्खनवर परिणाम करणारं राज्य ज्या शिवारात जन्मलं, ते आपल्या चिखलीपासून तासाभरावर आहे. तिथे थांबून बघितलंय कोणी?

आणि डिसेंबर 1757. पेशव्यांची फौज सिंदखेडला वेढा घालून बसली होती. नावाला सेनापती पंधरा वर्षांचा विश्वासराव, सोबत दत्ताजी शिंदे. आत कोण? निजामाचा सरदार रामचंद्र जाधव. हा धनाजी जाधवांचा नातू, म्हणजे लखुजीरावांच्याच वंशातला. ज्या धनाजींनी औरंगजेबाच्या फौजेला सळो की पळो केलं, त्यांचा नातू जिजाऊंच्या माहेरगावात मराठी फौजेच्या वेढ्यात. शेवटी निजामाला तह करावा लागला आणि नळदुर्गासह मोठा मुलूख सोडावा लागला. आपल्याला इतिहास सरळ हवा असतो, आपले इकडे आणि परके तिकडे. सिंदखेडराजाचा इतिहास तसा सरळ नाही. पण तो खरा आहे. त्यातून कळतं की ‘आपले’ ही गोष्ट आयती मिळत नाही, कोणालातरी ती घडवावी लागते.

एक शेवटची तुलना करतो आणि संपवतो. इंग्लंडात वेल्स नावाचं एक छोटं शहर आहे. लोकसंख्या अकरा-बारा हजार, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. तिथे एक मोठं कॅथेड्रल आहे, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, त्यामुळे त्या गावाला शहराचा मान. नावच पाण्याच्या झऱ्यांवरून पडलंय. पंधराव्या शतकात तिथल्या बिशपनं झऱ्याचं पाणी गावाला दिलं आणि ते मुख्य रस्त्याच्या कडेनं आजही वाहतं. लोक तिथे दिवसभर नुसते चालत फिरतात. चर्च बघायचं, वाडा बघायचा, पाणी बघायचं, चहा प्यायचा, दोन वस्तू घ्यायच्या. गावाचं पोट त्यावर चालतं. त्यांच्याकडे चर्च आहे, आपल्याकडे समाधी आहे. त्यांच्याकडे झरे, आपल्याकडे तलाव आणि बारवा. आपल्याकडे काय कमी आहे, याचा मी परतीच्या एसटीत विचार करत होतो.

पैसा हे एक उत्तर झालं. विकास आराखडे आले, येतील, त्यावर वेगळं लिहीन. पण बसस्टँडवर एक मोठा नकाशा लावायला कोट्यवधी लागत नाहीत. राजवाडा, रंगमहाल, नीलकंठेश्वर, बारवा, काळाकोट, साखरवाडा, रामेश्वर, समाधी, आणि गावाबाहेर दोन्ही तलाव, असा पायी फिरण्याचा मार्ग आखून द्यायचा. प्रत्येक ठिकाणी चार ओळींचा फलक, शुद्ध मराठीत. गावातल्या कॉलेजच्या दहा-पंधरा पोरापोरींना गाइड म्हणून तयार करायचं, त्यांना त्याचे पैसे मिळाले पाहिजेत. आणि चिखली, देऊळगावराजा, मेहकर, लोणार इथल्या शाळांनी सहल काढताना मुलांना वाड्यापुढे फोटो काढून परत बसमध्ये कोंबू नये. अर्धा दिवस द्यावा. मुलं चालतात. दमतो तो आपण.

समृद्धी महामार्ग आता सिंदखेडराजाच्या शिवारातून जातो. मुंबई-नागपूर गाड्या सुसाट पळतात. त्या गाड्यांना इथे उतरायला काहीतरी कारण द्यावं लागेल. नाहीतर लोक पाटी वाचतील, हात जोडतील आणि पुढे जातील.

मुलीचा प्रकल्प झाला. वहीत तिनं गावाचा नकाशा स्वतः काढलाय. समाधीच्या चौकोनाशेजारी एक ओळ लिहिली आहे, “इथे त्यांचे बाबा, दोन भाऊ आणि भाचा आहेत.” बाई किती मार्क देतील माहीत नाही.

येत्या 12 जानेवारीला मी नेहमीप्रमाणे तिथे असेन, ते माझं कामच आहे. पण यंदा 11 तारखेलाच जाणार आहे, पायी फिरायला. कोणाला सोबत यायचं असेल तर सांगा, देऊळगावराजाच्या स्टँडवर भेटू. आणि एक विनंती. तुमच्या घरात मोती तलावाचे, पुतळा बारवेचे, सजना बारवेचे जुने फोटो असतील, आजी-आजोबांच्या काळातले, पाणी भरलेले, तर मोबाईलवर फोटो काढून पाठवा. साल आठवत असेल तर तेही लिहा. त्या आजोबांनी काठीनं दाखवलेली पाण्याची रेघ मला कागदावर आणायची आहे, ते आहेत तोवर.